गोळी कंबर मागते की दिवस?

पाठदुखीवरील व्यायामांविषयी या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांपैकी बहुतेकांत व्यायामाचा उल्लेखही नव्हता. विचारणा होती ती वेदनाशामक गोळ्यांची. कोणाची गोळी सुटत नाही, कोणी ती घ्यायलाच तयार नाही, तर कोणाला आपण नेमके काय घेतो हेही ठाऊक नाही. दवाखान्यात आम्ही डॉक्टर ‘किती दुखते?’ असे विचारतो, परंतु ‘गोळी घेतली त्या दिवशी घरात काय चालले होते?’ असे सहसा विचारत नाही. माझ्या अनुभवात या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याइतकेच महत्त्वाचे असते, म्हणून या वेळचे सदर त्यासाठीच ठेवले आहे.

प्रश्न : मी ४८ वर्षांची असून सिन्नर येथे माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. चार वर्षांपासून कंबर दुखते. एमआरआयमध्ये मणक्यातील गादी थोडी बाहेर आल्याचे दिसले, परंतु शस्त्रक्रियेची गरज नाही असे अस्थिरोगतज्ज्ञांनी सांगितले आणि ‘गरज वाटेल तेव्हा’ घेण्यासाठी एक गोळी लिहून दिली. मी गोळी घेतली की भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेवर लाल ठिपका काढते. गेल्या महिन्यात १७ ठिपके झाले. मला गोळीचे व्यसन लागले आहे का?

उत्तर : आपण लिहिलेल्या नावावरून ती डायक्लोफिनॅकच्या जातीची, म्हणजे दाह कमी करणारी गोळी आहे. अशा गोळ्यांचे व्यसन लागत नाही, तेव्हा ती भीती मनातून काढून टाकावी. परंतु १७ हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही, आणि आपण ठिपके काढून ठेवलेत यासाठी मी आपले मनापासून अभिनंदन करते. माझ्या विनंतीवरून आपण दिनदर्शिकेच्या त्या पानाचे छायाचित्र पाठवलेत. त्यावर दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडर आल्याची तारीख, ‘नववी पेपर’, ‘नाशिक – आत्या’ अशा नोंदी आहेत आणि त्यांच्यामध्ये ते लाल ठिपके आहेत. त्या पानाकडे मी बराच वेळ पाहत बसले.

महिन्यातील चारही रविवारी ठिपका आहे. उत्तरपत्रिका तपासण्याचे तीन दिवस, तिन्हींवर ठिपका. नाशिकला एसटीने जाण्यायेण्याचे दोन दिवस, दोन्हींवर ठिपका. आणखी तीन ठिपके अशा तारखांवर आहेत की जिथे काहीच नोंद नाही. त्यांविषयी विचारल्यावर आपण कळवलेत की सासूबाईंना बरे नसल्यामुळे त्या रात्री जागरण झाले होते. उरले पाच दिवस. केवळ दुखणे उठले आणि गोळी घ्यावी लागली असे महिन्याभरात पाचच दिवस होते. बाकीच्या बारा दिवशी गोळी कंबरेने मागितली नव्हती, दिवसाने मागितली होती.

यांतील रविवार मला सर्वांत बोलका वाटतो. आठवडाभर साठलेली चादरी-अभ्र्यांची धुणी, डबे पुसणे, पाहुण्यांचा स्वयंपाक हे सारे त्या दिवशी उरकायचे असते, आणि ‘मध्येच कंबर धरायला नको’ म्हणून सकाळच्या चहाबरोबरच गोळी घेतली जाते. म्हणजे दुखण्यापूर्वीच गोळी, तीही उपाशीपोटी. गोळीमुळे काही तास बरे वाटते आणि त्या भरवशावर चार दिवसांचे काम एका दिवसात ओढले जाते. सोमवारी कंबर त्याची वसुली करते आणि आपण म्हणता की आजार वाढला. आजार वाढलेला नसतो, कामाची वाटणी चुकलेली असते. चादरी बुधवारी आणि डबे शनिवारी असे काम फोडून पाहावे. आणि घरात जी इतर धडधाकट माणसे आहेत त्यांच्याकडे रविवारचे निदान एक काम कायमचे सोपवावे. हे लिहिणे सोपे आणि घडवून आणणे अवघड आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही औषधाच्या चिठ्ठीवर लिहावे इतक्या गांभीर्याने मी ते लिहीत आहे.

उत्तरपत्रिकांसाठी जमिनीवर पाट घेऊन दोन-दोन तास वाकून बसण्याऐवजी टेबल-खुर्ची घ्यावी आणि एक गठ्ठा संपला की उठून घरात चार फेऱ्या माराव्यात. जागरणाच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी : अपुऱ्या झोपेनंतर तेवढीच वेदना शरीराला अधिक तीव्र जाणवते. त्या सकाळी कंबर बिघडलेली नसते, वेदना सोसण्याची ताकद घटलेली असते, आणि दुपारची अर्ध्या तासाची झोपही मदत करू शकते.

गादी बाहेर आल्याच्या अहवालाची भीतीही ठिपक्यांत भर घालते, कारण एकदा तो शब्द ऐकला की साधी कळ आली तरी मणक्यात काहीतरी सरकले असे वाटते आणि हात गोळीकडे जातो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात पाठ मुळीच न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्या एकत्र अभ्यासल्या गेल्या. त्यांत पन्नाशीच्या सुमारास ६० टक्के लोकांमध्ये गादी अशीच बाहेर आलेली आढळली. हा बदल पिकणाऱ्या केसांसारखा आहे, असेच समजावे.

राहिले ते पाच दिवस. त्या दिवशी गोळी जरूर घ्यावी, जेवणानंतर घ्यावी आणि सांगितली आहे तेवढी पूर्ण घ्यावी. काही जणी ‘उगाच जास्त नको’ म्हणून गोळी मोडून अर्धी घेतात. ज्या गोळीच्या नावापुढे ‘एसआर’ लिहिलेले असते, ती दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असल्यामुळे ती मोडू नये. पाचाचे आठ-दहा दिवस होऊ लागले, तर मात्र पुन्हा तज्ज्ञांकडे जावे.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका गावात आशा सेविका आहे. दिवाळीच्या सुमारास निम्मे गाव ऊसतोडीला जाते. निघताना बाया मेडिकलमधून कंबरदुखीच्या गोळ्यांची पाकिटेच्या पाकिटे बरोबर घेतात. ‘रोज गोळी खाऊ नका’ असे मी सांगते. त्या ऐकून घेतात आणि पाकिटे घेऊन जातात. मी त्यांना काय सांगावे?

उत्तर : ताई, त्या आपले ऐकत नाहीत असे नाही, त्यांना ते परवडत नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, धरला जातो आणि दोघांच्या नावावर मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. एकीने एक दिवस कंबर धरून खोपीत पडून राहायचे म्हटले, तर त्या दिवसाची मजुरी जाते आणि वर खाडा म्हणून पैसे कापले जातात. पहाटेपासून जमिनीलगत वाकून तोड, मग मोळी बांधणे, मग ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणे, हे सहा महिने रोज करायचे आणि दुखले तरी थांबायचे नाही. अशा वेळी पाकिटे घेऊन जाणाऱ्या बाईला अडाणी म्हणणे हा अन्याय आहे. खाड्यापेक्षा गोळी स्वस्त पडते, हा तिचा हिशेब बरोबर आहे. चुकीची आहे ती आजारपणालाही खाडा लावणारी पद्धत, आणि ती बंद झाली पाहिजे असे मी डॉक्टर म्हणून स्पष्टपणे म्हणते.

तोपर्यंत ‘खाऊ नका’ हा सल्ला फोल आहे. कसे खावे ते सांगावे. पहाटे अंधारात निघताना कोऱ्या चहावर गोळी घेऊ नये. फडात न्याहारी होते तेव्हा भाकरीनंतर घ्यावी. त्याहून महत्त्वाचे आहे पाणी. आडोसा नसल्यामुळे लघवीला जायला नको म्हणून बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. फेब्रुवारीनंतर ऊन तापू लागते, शरीरातले पाणी घामावाटे जाते आणि त्यात ही गोळी मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करते. ही तिन्ही कारणे एकत्र आली, तर धडधाकट बाईचेही मूत्रपिंड दुखावू शकते. म्हणून ‘गोळी घेणार असाल त्या दिवशी पाणी पिणार’ अशी अटच त्यांच्याकडून कबूल करून घ्यावी आणि दोघी-तिघींनी मिळून आडोशाची सोय करावी.

एका वेळी एकाच नावाची गोळी घ्यावी. लवकर गुण यावा म्हणून दोन प्रकारच्या एकत्र घेऊ नयेत. पाळी चुकली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही घेऊ नये, कारण गरोदरपणात, विशेषतः पाचव्या महिन्यापासून पुढे, या गोळ्या बाळाला अपाय करू शकतात. शौचाला डांबरासारखी काळी झाली, पाय सुजले किंवा लघवी कमी झाली, तर गोळी त्याच क्षणी बंद करून जवळच्या सरकारी दवाखान्यात जावे. शक्य असेल तेव्हा मोळी लहान बांधावी. फेऱ्या वाढतात, पण एका वेळचा भार कमी होतो.

आणखी एक गोष्ट आपण आवर्जून सांगावी. आपल्या जिल्ह्यात ऊसतोड महिलांची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली इतका गाजला, की शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. वाकून-ओझी उचलून दुखावलेली कंबर पिशवी काढल्याने बरी होत नाही. कंबरदुखीसाठी कोणी पिशवी काढण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्या डॉक्टरांचे, शक्यतो जिल्हा रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घेतल्याशिवाय कोणीही होकार देऊ नये.

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे असून रत्नागिरीजवळ एकटेच राहतात. कंबर एवढी दुखते की बाजारात जाणेही त्यांनी सोडले आहे, परंतु गोळी घ्या म्हटले की ‘किडनी जाईल’ म्हणतात. दिवसभर कमरेला पट्टा बांधून बसून असतात. रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू आहेत. त्यांना कसे समजवावे?

उत्तर : आधी एक कबुली द्यावी लागेल : आपल्या वडिलांची भीती त्यांच्या बाबतीत बऱ्याच अंशी रास्त आहे. पत्रात लिहिलेल्या दोन गोळ्यांपैकी एक टेल्मिसार्टन आहे आणि दुसरी लघवी वाढवणारी आहे. या दोहोंमध्ये डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची भर पडली, तर वयस्कर माणसाच्या मूत्रपिंडावर एकाच वेळी तीन बाजूंनी ताण येतो. शिवाय रक्तदाबही वाढतो. तेव्हा आपण ठाण्याहून त्यांना भेटायला जाता, त्या वेळी आपल्या स्वतःच्या पाठदुखीची गोळी त्यांना देऊ नये. मुले प्रेमापोटी असे करतात आणि नंतर पस्तावतात.

पॅरासिटामॉल त्यांना त्यामानाने सुरक्षित आहे. परंतु ते काय करू शकते याविषयी मी खोटी आशा देणार नाही. ऑस्ट्रेलियात सोळाशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नव्याने उद्भवलेली कंबरदुखी पॅरासिटामॉलने लवकर बरी होत नाही असे दिसले, औषध नसलेल्या गोळीनेही रुग्ण तितक्याच दिवसांत बरे झाले. तरीही काही जणांना त्याने तात्पुरते बरे वाटते. एखादे दिवशी चालायला बाहेर पडण्यापूर्वी, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत ते घेण्यास हरकत नसावी.

पट्ट्याविषयी माझे मत ठाम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत कमरेचे पट्टे आणि वजन लावून ओढ देणे यांची शिफारस केलेली नाही. भर आहे तो व्यायामावर आणि रुग्णाला आजार समजावून सांगण्यावर. दिवसभर पट्टा आवळून बसल्याने मनाला आधार वाटतो, पण ‘हललो तर मोडेन’ ही समजूत पक्की होते. हालचाल कमी झाली की स्नायू दुबळे होतात, स्नायू दुबळे झाले की थोड्याशा हालचालीनेही दुखते.

दुखणे अंगावर काढण्याचा आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना अभिमानही असतो, आणि गोळी घेणे म्हणजे आपण परावलंबी झालो असे त्यांना वाटते. म्हणून गोळीचा विषय बाजूला ठेवून ‘बाबा, तुम्हांला पुन्हा काय करता यायला हवे?’ एवढेच विचारावे. बाजारात जाणे असे उत्तर आले, तर पहिल्या आठवड्यात फाटकापर्यंत, दुसऱ्या आठवड्यात वळणापर्यंत असे त्यांच्याबरोबर ठरवावे. फिजिओथेरपिस्टना एकदा घरी बोलावून व्यायाम शिकून घ्यावा. मात्र त्याआधी एक्स-रे आणि डॉक्टरांची तपासणी करून घ्यावी, कारण या वयात हाडे ठिसूळ होऊन किरकोळ धक्क्यानेही मणका दबतो, आणि तसे असेल तर उपचार वेगळे असतात.

प्रश्न : मी २७ वर्षांचा असून पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. वर्षभरापासून पहाटे चारच्या सुमारास कंबरदुखीने जाग येते. उठल्यावर तासभर अंग आखडलेले असते; चालू लागलो की बरे वाटते. सुट्टीच्या दिवशी पडून राहिलो तर जास्त दुखते. मित्राने सुचवलेली गोळी रात्री घेतली की सकाळ उत्तम जाते. सतत गोळी घेणे योग्य आहे का?

उत्तर : आपण संधिवाततज्ज्ञांना या आठवड्यात भेटावे. तरुण वयात, विश्रांतीने वाढणारी, हालचालीने कमी होणारी आणि पहाटे जागे करणारी कंबरदुखी ही बैठ्या कामाची कंबरदुखी नसावी. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्यांच्या सांध्यांचा दाह, या आजाराची ही ठेवण आहे, आणि दाह कमी करणाऱ्या गोळीने लख्ख गुण येणे हेही त्याला धरूनच आहे. तो आजार निघाला, तर हीच गोळी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, रक्ततपासण्या करत, उपचार म्हणून घ्यावी लागेल. दुखणे दबले म्हणून निदान लांबवू नये, कारण दरम्यान मणके एकमेकांना जखडत जाऊ शकतात.

याच निमित्ताने सर्वच वाचकांना सांगते की गोळीखाली इतर आजारही झाकले जातात. मणक्याच्या क्षयरोगात संध्याकाळी बारीक ताप येतो आणि वजन उतरते; रोज गोळी घेणाऱ्याला तो ताप कळतच नाही, कारण हीच गोळी ताप उतरवते. आणि लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, बैठकीच्या जागी बधिरता आली अथवा पायातली शक्ती गेली, तर गोळी, शेक, मालीश काहीही न करता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे.

प्रश्न : मी ट्रकचालक आहे. दोन वर्षांपूर्वी एका दुकानदाराने दिलेल्या ट्रॅमाडॉलच्या गोळीने कंबरदुखी तर थांबायचीच, शिवाय शिणवटाही जायचा. रोज दोन घेत होतो. आता चिठ्ठीशिवाय कोणी देत नाही, आणि न घेतल्यास अंग मोडून येते, घाम सुटतो. हे कंबरेमुळेच होते का?

उत्तर : नाही. ती गोळी अफूच्या कुळातील औषधांसारखे काम करते आणि अंगाला तिची सवय लागते. आपण सांगता ती लक्षणे कंबरेची नसून गोळी अचानक थांबल्याची आहेत. याच कारणामुळे एप्रिल २०१८ पासून ट्रॅमाडॉल आपल्या देशात अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आहे. यात आपण शरम वाटून घेण्यासारखे काहीही नाही. चौदा-चौदा तास गाडी हाकणाऱ्या माणसाला दुखणे आणि थकवा दोन्ही घालवणारी गोळी कोणी हातावर ठेवली, तर तो ती घेणारच.

ती एकाएकी बंद करू नये आणि दुसऱ्या मार्गानेही मिळवू नये. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात व्यसनमुक्तीचे डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने उतरवून देतात. ती घेऊन गाडी चालवणेही धोक्याचे आहे, कारण तिने गुंगी येते आणि काहींना झटके येतात. सिडनीत झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नव्या पाठदुखीवर अफूवर्गीय औषध हे औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही, हेही सांगून ठेवते. दर दोन तासांनी गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटे चालणे आणि बैठकीत कमरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेवणे एवढे आजपासून सुरू करावे.

प्रश्न : डॉक्टर विचारतात, ‘कोणत्या गोळ्या घेता?’ मला नावे सांगता येत नाहीत. मेडिकलमधून दोन-दोन गोळ्या कापून मिळतात, त्यावर काहीच छापलेले नसते. काय करावे?

उत्तर : आपला प्रश्न लहान दिसतो, पण तो मला सर्वांत तातडीचा वाटतो. माझ्यासमोर रुग्ण कागदाची पुडी उलगडतात आणि तिच्यातून कात्रीने कापलेले चांदीचे चौकोनी तुकडे बाहेर पडतात. एकावर नावातली शेवटची दोन अक्षरे असतात, दुसऱ्यावर फक्त किमतीचा अर्धा आकडा. लाल रेघ, म्हणजे चिठ्ठीशिवाय घेऊ नये ही खूण, बहुधा दुकानातच राहिलेल्या भागावर असते.

यातून काय घडते ते पाहा. कंबरेसाठी दिलेल्या असेक्लोफिनॅकच्या गोळीत बहुधा ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल मिसळलेले असते. दिवसाला दोन म्हणजे ६५० झाले. त्याच दिवसांत ताप आला म्हणून ६५०ची गोळी तीन वेळा घेतली, १,९५० झाले. सर्दीची गोळी तीन वेळा घेतली, तिच्यातही अनेकदा ५०० असते, म्हणजे १,५०० झाले. एकूण ४,१०० मिलिग्रॅम. निरोगी प्रौढ माणसाने चोवीस तासांत ४,०००च्या वर जाऊ नये अशी मर्यादा आहे, आणि मद्यपान करणाऱ्यांसाठी व अशक्त माणसांसाठी ती आणखी खाली असते. घेणाऱ्याच्या मते त्याने तीन वेगळ्या आजारांवर तीन वेगळी औषधे घेतलेली असतात. यकृताच्या दृष्टीने ते एकच औषध असते.

म्हणून शक्य असेल तर पूर्ण पाकीट घ्यावे. जनऔषधी केंद्रात हीच औषधे बरीच स्वस्त मिळतात. दोनच गोळ्या परवडत असतील, तर दुकानदाराकडून बिल किंवा चिठ्ठीवर गोळीचे नाव, मात्रा आणि मुदत लिहून घ्यावी. ते मागणे हा आपला हक्क आहे. घरातील सर्व गोळ्या, रक्तदाबाच्या, साखरेच्या, कंबरेच्या आणि शेजाऱ्यांनी दिलेली पुडीसुद्धा, एका पिशवीत भरून डॉक्टरांकडे न्याव्यात, आणि प्रत्येक गोळी शेवटची केव्हा व कशासाठी घेतली हे आठवेल तसे सांगावे. सिन्नरच्या भगिनींप्रमाणे दिनदर्शिकेवर ठिपके काढलेले असतील, तर ते पानही फाडून सोबत न्यावे.